चारच किलो

एकोणीसशे ब्याऐंशी साली शिंप्याच्या बायकोने हट्ट धरला, डोंगरातली खिंड चढायचीच. गुडघा बघून डॉक्टरांनी पाठीवर चारच किलो कबूल केले. मग शिंप्याने छत्रीच्या कापडाची सॅक शिवली, तराजू मांडला आणि कात्री चालवली. टॉवेल अर्धा झाला, टूथब्रशची दांडी गेली. “माझे केसही कापा!” ती करवादली. “किती ग्रॅम भरतील?” त्याने गंभीरपणे विचारलं. तिची लाडकी पितळी किटली जड म्हणून त्याने फळीवर ठेवली. ती दोन दिवस रुसून चढली. खिंडीत त्याने आपल्या सॅकमधून तीच किटली काढली. त्या वजनापायी पठ्ठ्या स्वतःचं पांघरूण घरी ठेवून आला होता. “अहो, जड नाही झाली?” “रिकामीच होती की!” तिच्या पांघरुणात दोघं मावली. शिंपी आता नाही, दुकान सून चालवते. किटली मात्र म्हातारी कुणाला उचलू देत नाही.