बापाचा चेहरा

"बाबा, हात लावू नका, ओलं आहे," आलाशुआ म्हणाली. तोवर बाबांचा अंगठा समुद्रात बुडालाही होता.

निळ्यात ठसा उमटला. आलाशुआने तो निरखला, कुंचल्याने त्याला मिशा काढल्या आणि त्याचा सील करून टाकला. समुद्रात शिकारीला एक सील जास्त झाला म्हणून उत्तरेकडच्या या बर्फाळ गावात कुणी तक्रार केली नसती.

"पोरी, भूक," बाबा म्हणाले.

तिने त्यांच्या गळ्यात फडकं बांधलं आणि माशाचे बारीक तुकडे करून समोर ठेवले. पुढचे दात पडल्यापासून त्यांना चावायला वेळ लागे. मध्येच खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तिने त्यांची पाठ चोळली. हा खोकला तिच्या ओळखीचा होता.

त्या खोकल्यापायीच बाबा आज दुपारच्या विमानाने दक्षिणेला, मोठ्या इस्पितळात जाणार होते. किती महिन्यांसाठी, हे कुणीच सांगत नव्हतं. म्हणजे जे विचारायचं ते विमान यायच्या आत.

समोरच्या कागदावरची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. बाप मुलीला होडीतून घेऊन निघतो. वादळ उठतं. होडी हलकी करायला बाप मुलीला पाण्यात ढकलतो. ती होडीचा काठ धरते. बाप तिची बोटं कापतो. बोटांचे सील होतात, वॉलरस होतात, देवमासे होतात. मुलगी तळाशी जाऊन समुद्राची मालकीण होते, आणि तेव्हापासून सगळी माणसं तिच्या मर्जीने जेवतात.

टोरांटोच्या प्रकाशिका ब्रेंडाबाईंना गोष्ट फारच आवडली होती. फक्त बोटांबद्दल त्यांनी फोन केला होता.

"लहान मुलांचं पुस्तक आहे हो. बोटं न कापता नाही का भागणार?"

"मग सील कुठून आणू?"

"ते आधीपासूनच असले तर?"

"मग गोष्ट कशाला सांगू?"

बाकीची चित्रं झाली होती. या शेवटच्या चित्रात होडी होती, सुरी होती, काठाला रुतलेली बोटं होती. बापाचा चेहरा तेवढा कोरा होता. आलाशुआ पांढरा रंग वापरत नसे. बर्फ हवा तिथे कागद कोरा सोडायचा. त्यामुळे ब्रेंडाबाईंना वाटलं, बापाच्या तोंडावर बर्फ साठलाय. त्यांना ते फार अर्थपूर्ण वाटलं.

अर्थबिर्थ काही नव्हता. तिथे काय काढायचं तेच तिला ठाऊक नव्हतं. ती सहा वर्षांची असताना इस्पितळाचं जहाज आलं होतं. छातीच्या फोटोत क्षय दिसला, आणि बाबांनी तिला उचलून जहाजाच्या शिडीशी नेलं. ती त्यांच्या बाहीला चिकटली. बाबांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती मान खाली घालून बोटांकडेच बघत राहिली. वर बघायचं राहून गेलं. बरी होऊन आली तेव्हा ती फाडफाड इंग्रजी बोलत होती, आणि बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आपली भाषा परत आली, तोवर विचारायची हिंमत गेली होती.

"बाबा, त्या दिवशी मला सोडवताना तुम्हाला काय वाटलं?"

बाबांनी डबीतला लाल रंग निरखला. "पोरी, हा गोड असतो?"

"नाही."

"मग ठेवतेस कशाला?"

विषय टाळण्यात बाबांचा हात कुणी धरला नसता.

"मामा, आहेस का घरात?" म्हणत सत्तरीचा पॉलूसी आत आला. त्याच्या हातात माशाचं डोकं होतं. आलाशुआ हे पॉलूसीच्या मामाचं नाव. मामा बुडाला त्या वर्षी ही जन्मली, त्याचं नाव हिला लागलं आणि नावापाठोपाठ हा भाचाही पदरात पडला.

"मामा, बायको माझं ऐकत नाही. तू सांग तिला."

"माझं तरी तू कधी ऐकलंस?"

पॉलूसी बाबांकडे वळला. "काय म्हातारबा, निघालात? माझा भाला नेलात तो अजून परत नाही. तो देऊन मग विमानात बसायचं!"

बाबा खिदळले आणि पुन्हा खोकायला लागले. पॉलूसीने घाईघाईने माशाचं डोकं टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेला.

मग आलाशुआची भाची साइला आली, पोट सावरत. तिचे दिवस भरत आले होते. विमान कंपनी तिला घेत नव्हती.

"चला आजोबा, विमान उतरलं," म्हणत तिने बाबांच्या पायात बूट चढवले. "आत्या, अजून सांगते, तू जा ना बरोबर."

"मी एकदा जाऊन आलेय," आलाशुआ म्हणाली.

आता त्यांची पाळी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. धावपट्टीपर्यंत मात्र ती गेली. उत्तर अजून मिळायचं होतं.

विमानाच्या शिडीशी दक्षिणेहून आलेली नवी नर्स उभी होती. ती बाबांपुढे गुडघ्यांवर बसली.

"सहा वर्षांची इपीली ती तूच ना गं? आणि आई कुठाय तुझी?"

साइलाने हात वर केला. आलाशुआचे बाबा गेले त्या वर्षी तिला ही पोर झाली, आणि इपीली हे त्यांचं नाव हिला लागलं.

बाबांनी दोन्ही हातांनी आलाशुआची बाही धरली. "पोरी, मला देऊ नकोस."

आलाशुआने ती इवलीशी बोटं एकेक करून सोडवली. इपीली मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.