गोड

वीस मिनिटं उलटली तरी बानूबाईच्या जिभेवर काही आलं नव्हतं. उमरग्याच्या दवाखान्यात ती मान जराशी खाली घालून बसली होती. शिंकायचं नाही, खाकरायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. डॉक्टरांनी नाकात एक पांढरा कण ठेवून बजावलं होतं, "तोंडात कसलीही चव आली की सांगा, मावशी."

नाकात बारीक लव असते, ती आतली घाण हळूहळू घशाकडं ढकलते, असं डॉक्टर म्हणाले होते. बानूबाईनं चार वर्षं दिवसातून सहा-सहा वेळा थेंब टाकून त्या लवेला पार झोपवलं होतं. थेंब टाकले की नाक घटकाभर मोकळं व्हायचं, मग दुप्पट चोंदायचं. मेंढरांमागं जातानाही बाटली कमरेच्या पिशवीत असायची.

पहिली बाटली मल्हार घर सोडून गेला त्या आठवड्यातली. लेकाला मेंढरं वळायची नव्हती, पुण्यात नोकरी करायची होती. "परत माकणीच्या घराचा उंबरा चढू नगंस," असं त्याचा बाप गोरोबा त्याला तोडून बोलला आणि तो खरंच चढला नाही. बानूबाई रडायची. रडून चोंदलेलं नाक सर्दी म्हणून खपवता येतं.

त्याच आठवड्यात तिनं अणदूरच्या खंडोबाला नवस बोलला होता. लेक घरी येईपर्यंत जिभेला गोड लावणार नाही. नवऱ्याला सांगितलं, साखरेचा आजार झालाय. त्या भोळ्यानं ते खरं मानलं, आणि पोळ्याला स्वतःही पुरण खायचं सोडलं.

एकतिसाव्या मिनिटाला घशाच्या मागून चव आली. गोड. चक्क गोड! चार वर्षांचा नेम असा नाकातून मोडला होता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"काही चव?" डॉक्टरांनी चाळीस मिनिटांनी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. पन्नास झाली, तरी तेच. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. "नाकाचं काम फारच मंदावलंय. सोलापूरला मोठ्या तपासणीला पाठवावं लागेल."

शेजारी बसलेला गोरोबा ताडकन उठला. "आत्ताच नेतो, डॉक्टरसाब. हिला काय व्हाया नगं." बाकावरचं पागोटं न घेताच तो दाराकडं निघाला. ते बघून मात्र बानूबाईला राहवेना.

"गोड लागलं," ती पुटपुटली. "लई येळ झाला. एकतिसाव्या मिन्टालाच."

"मग सांगितलं का नाही?"

"मल्हार आल्याबिगर गोड तोंडात घ्यायचं न्हाय, असा देवाला नवस हाय माजा." ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली. "साखरेचं खोटं सांगितलं हुतं म्या ह्यास्नी."

डॉक्टर हसले. तो पांढरा कण मुळात गोडच होता, त्याची चव घशापर्यंत किती वेळात पोचते हेच त्यांना बघायचं होतं. लव मंदावली होती, मेली नव्हती. थेंब बंद केले की सुधारेल, म्हणाले.

गोरोबाला त्यातलं काही ऐकू गेलं नसावं. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि अंगठ्यानं दहा आकडे दाबले. एकदाही न अडखळता. चार वर्षांत तो नंबर त्यानं कधी लावला नव्हता, पण पाठ होता.

"मल्हाऱ्या," तो ओरडलाच, "तुजी आय गोड खाऊन बसलीया हितं. तू अजून कुठं हाईस?"