अकरावा घाव

आहुप्याच्या देवराईत कुठं कुऱ्हाड चालली, तर माझ्या मोबाइलवर सूचना येते. माइक घाव ओळखतात, कॅमेरे झाडाचं माप कळवतात. सगळी सिस्टीम माझ्या डिझाइनची.

ती बसवताना एक जुना हिरडा सिग्नलच्या आड येत होता. मी तो तोडायला लावला. गावातले म्हातारे यमाजी म्हणाले, “या राईतली वाळकी काडीबी आमी घरी नेत न्हाई, राव.”

“राई वाचवायलाच आलोय ना मी?” असं मी त्यांना सुनावलं. झाड पडेपर्यंत ते उभे राहिले. जाताना म्हणाले, “अकरा घाव लागले.”

मी वारूळवाडीच्या घरून काम करतो. नऊ दिवस झाले, सकाळी दहाच्या मीटिंगला रोज एकच सूचना येते. एक घाव. यमाजींना फोन केला.

“हितं कुनीच न्हाई,” ते शांतपणे म्हणाले. “पर तुमी मोजत ऱ्हावा.”

टीमवर ओरडून झालं. सर्व्हर बदलला. काल तर सगळे माइक आणि कॅमेरे बंदच केले.

आज दहाला सूचना आली. दहावा घाव. उंची पाच फूट सात इंच. घेर चौतीस इंच. ठिकाण वारूळवाडी.

माझी उंची तेवढीच आहे. पट्टाही चौतीसचाच.

मीटिंगमधून आरतीनं विचारलं, “सर, तुमच्याकडं लाकूड फोडतायत का? आवाज येतोय.”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खाली पाहिलं, तर खुर्चीभोवती ओले ढलपे पडले होते.

मी उठायला गेलो आणि एका बाजूला कललो.