तिन्हीसांजेचा हात

अर्धांगवायूने भालचंद्ररावांची वाचा गेली, तेव्हापासून त्यांच्या खुणा घरात एकट्या मनोरमाकाकूंना कळत. जो तो त्यांनाच विचारी, "काका काय म्हणतायत?"

आज पुतणीने काकांच्या कपाळाला मनातलं बोलणारी पट्टी बांधली. "काकू, तुमची दुभाषेगिरी आता बंद!"

तिन्हीसांजेला नेहमीसारखा त्यांचा हात थरथरत वर आला.

"दिव्याची आठवण करतात हो. माझ्याआधी ह्यांनाच घाई!" काकू कौतुकाने उठल्या, देवघरात जाऊन त्यांनी काडी ओढली.

पट्टी बोलली, "मनू, आज तरी जवळ बस."

काडी बोटांपर्यंत जळून विझली. इतकी वर्षं तो हात वर आला, की त्या उठून जात होत्या.

माघारी येऊन "बसले हो," म्हणत त्यांनी तो हात पदरात घेतला. देव त्या संध्याकाळी अंधारातच राहिले.