बासष्ट किलो

बार गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. वच्छलाची पकड सुटली. पुढच्या क्षणी लोखंड शेडमधल्या रबरी चटईवर आदळलं.

“साठ तं आरामात जाते तुले,” दिव्यानी म्हणाली. “साठच कर ना, आई. नाई तं सरळ पासष्टची तयारी कर. हे बासष्ट काय असते?”

“त्या लहान प्लेटा काढू नको,” वच्छला म्हणाली आणि पुन्हा वाकली.

एकेक किलोच्या त्या दोन प्लेटा कोपऱ्यात गंजत पडलेल्या असत. त्या फक्त वच्छलासाठी बाहेर निघत.

सिंदेवाहीजवळच्या त्या गावात शाळेच्या शेडमध्ये पोरापोरींनी घाम गाळावा, यात कोणाला नवल नव्हतं. दिव्यानी एकोणीस वर्षांची, वजनं उचलणारी. तिचा भाऊ पियुष सतराचा, आठशे मीटर पळणारा. वच्छला मात्र शेहेचाळीस वर्षांची होती. पहाटे दोघांसाठी अंडी उकडायची, डबे भरायचे, मग पियुषची जुनी ट्रॅकपँट चढवून त्यांच्यामागून निघायचं. शेजारची सुकरी दारातून विचारायची, “काय वो वच्छला, पोलीस भरतीत जातं का आता?”

“घेतलं तं जातो,” वच्छला म्हणायची. चालणं थांबवत नसे.

दिव्यानीला आधी लाज वाटली, मग सवय झाली. बाप जाऊन दोन वर्षं होत आली होती. दुःख ज्याच्या त्याच्या अंगातून निघतं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पियुष अंधार पडेपर्यंत पळत राहायचा. ती स्वतः गाव सोडेनाशी झाली होती. बाप गेल्यावर चार महिन्यांनी पुण्याच्या प्रशिक्षण केंद्राचं बोलावण्याचं पत्र आलं, तेव्हा तिने ते वाचून घडी घातली होती.

“मी गेली तं घरी कोन आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला शेडमध्ये आली आणि बार कसा धरायचा, ते तिने दिव्यानीच्या सरांना विचारलं.

यंदा पुन्हा पत्र आलं. उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती. दिव्यानी पुन्हा तेच म्हणाली. वच्छलाने पत्र तिच्या हातून घेतलं आणि नवऱ्याच्या, मुखरूच्या फोटोमागे खोचून ठेवलं.

शनिवारी बासष्ट उठले. वच्छला बार धरून सरळ उभी राहिली, थोडा वेळ तशीच. मग तिने तो न आपटता खाली ठेवला. पियुषने शिट्टी मारली.

“आता पासष्ट!” दिव्यानी म्हणाली.

“नाई. झालं.”

रविवारी पहिलं धान राइस मिलवर गेलं. पोती मोजून झाली की घरातल्यांनी एकेक करून त्याच काट्यावर उभं राहायचं, ही मुखरूने पाडलेली रीत होती. “धान मोजलं, आता खानारे मोजा,” असं तो म्हणायचा. आकडे घरी दारामागे कोळशाने लिहिले जात. मुखरूच्या नावापुढचा आकडा दोन वर्षं बदलला नव्हता.

पियुष काट्यावर चढला.

“बासष्ट!” चैतू हमाल ओरडला. “बापाएवढा भरला रे पोट्टा!”

वच्छला काट्याकडे बघत राहिली. मागच्यांनी सरकायला सांगितलं तेव्हा सरकली.

सोमवारी सकाळी तिने दोघांना शेडऐवजी शेतात नेलं. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत मधोमध ती थांबली.

“पियुष, इथी निज.”

“काऊन?” तो हसला.

“निज. अंग एकदम ढिल्लं सोड. मले मदत नको करू.”

पियुषचं हसू गेलं. तो आडवा झाला. जागा दोघांनाही माहीत होती. दोन वर्षांपूर्वी, कापणीतच, मुखरू इथे छातीवर हात ठेवून कोसळला होता. आसपास कोणी नव्हतं. जुंपलेली बैलगाडी धुऱ्यापलीकडे, शेताच्या उंच बांधाच्या पल्याड, तीस पावलांवर उभी होती. वच्छलाने त्याला काखेत हात घालून धुऱ्यापर्यंत ओढत नेलं. धुऱ्यावरून नेता आलं नाही. ती गावाकडे धावली. माणसं घेऊन परतली तेव्हा उशीर झाला होता.

त्याच दिवशी पुण्यात दिव्यानीने पंचाहत्तर किलो डोक्यावर उचलून कांस्यपदक घेतलं होतं. बासष्ट आणि पंचाहत्तर. हे दोन आकडे तिने आजवर कोणाला बोलून दाखवले नव्हते; शेडमध्येही बासष्टचा अर्थ न कळल्यासारखं दाखवलं होतं.

वच्छला वाकली. माणसाचं अंग बारसारखं नसतं. मान लटकली, एक हात निसटला आणि पियुष तिच्या हातांतून धसकटांवर घसरला. दिव्यानी पुढे झाली.

“तू तिथीच राह्य.”

दुसऱ्या वेळी तिने गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली. पियुष तिच्या छातीशी आला, मग खांद्यावर. ती चालू लागली. धुऱ्यावर तिचा पाय घसरला. ती थांबली. पाय पुन्हा रोवला, दुसरा वर घेतला आणि पलीकडे उतरली. जिथे त्या दिवशी गाडी उभी होती, तिथे गुडघे टेकून तिने त्याला खाली ठेवलं. डोकं सगळ्यात शेवटी, तळहातावर घेऊन. पियुषचे डोळे मिटलेले होते. कानाच्या पाळीपर्यंत ओघळ आला होता.

वच्छला श्वास परत येईपर्यंत बसून राहिली. मग तिने कपाळावरची माती पुसली.

“फोटोमागचं पत्र काढ,” ती दिव्यानीकडे न बघता म्हणाली. “घरी मी आहो.”