अधिक-उणे चार

फौजदार तोच अहवाल घेऊन तिसऱ्यांदा आले, तेव्हा हाडं तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी चहाचा कप तोंडाला न लावताच खाली ठेवला.

या खेपेला त्यांनी त्यातले दोन शब्द लाल पेनाने खोडूनच आणले होते. नदीकाठी सापडलेल्या सांगाड्याची उंची बाईंनी ‘एकशे अडुसष्ट सेंटीमीटर, अधिक-उणे चार’ अशी दिली होती. फौजदारांचं म्हणणं, फॉर्ममध्ये उंचीला एकच चौकोन आहे. त्यात आकडा मावतो, तुमचं अधिक-उणे मावत नाही.

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. साठ माणसांच्या मांडीच्या हाडाची लांबी एका रकान्यात, त्यांची मोजलेली उंची दुसऱ्यात. त्यावरून या माणसाच्या उंचीचा अंदाज काढलेला. मग त्याच दोन रकान्यांना, आधी उंची आणि मग हाड, एस-टी-ई-वाय-एक्स नावाचं फंक्शन लावलेलं. ते सांगत होतं, की असा अंदाज साधारण चार सेंटीमीटरनी इकडेतिकडे होतो. हे सगळं बाईंनी मागच्या दोन्ही खेपांनाही सांगितलं होतं.

“म्हणजे हा चार तुमच्या चुकीचा आकडा,” फौजदार म्हणाले. “स्वतःची चूक कोणी आपणहून लिहून देतं का, बाई?”

बाईंनी कपाळाला हात लावला. मग पडद्यावरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. दोघांचंही हाड या सांगाड्याच्या हाडाइतकंच लांब. एक माणूस एकशे चौसष्टचा, दुसरा एकशे बहात्तरचा.

“यातला खोटा कोण, तेवढं सांगा. मग मीच खोडते.”

फौजदारांनी त्या दोन ओळी वाकून पुन्हा वाचल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, एकशे एकाहत्तरचा माणूसही यात बसतो का. बाई म्हणाल्या, बसतो की. फोनवरसुद्धा मी हेच सांगत होते, तुम्ही अडुसष्ट ऐकलंत आणि फोन ठेवलात.

इतका वेळ उभे असलेले फौजदार खुर्चीत बसले. चार दिवसांपूर्वी, त्या फोननंतर लगेच, त्यांनी एका बापाला कळवलं होतं, की सापडलेला माणूस तुमचा मुलगा नव्हे, तुमचा तीन सेंटीमीटरनी उंच आहे. रक्ताचा नमुना द्यायला यायचीही गरज नाही. बापाने फोन हातात धरूनच बायकोला हाक मारली होती. ऐकलंस का, आपला नाही.

बाईंनी टेबलावरचा फोन पुढे सरकवला.

पहिल्याच घंटेला तिकडून उचलला गेला. मुलाचा काही पत्ता लागला का, बापाने विचारलं. आवाजात उमेद होती.

“काका,” फौजदार म्हणाले, “त्या दिवशी मी जरा जास्तच खात्रीनं बोललो.”