शंकर गायकवाडांचे बूट

अंबरनाथ पूर्वेच्या सभागृहात शंकर गायकवाडांच्या फोटोला हार घालून यज्ञेश पाटील त्यांच्या मुलीच्या, भागीरथीबाईंच्या पाया पडायला वाकला. कॅमेरे पुढे सरसावले. दुसऱ्या महायुद्धात इटलीतलं एक शहर जर्मनांच्या ताब्यातून सोडवणाऱ्या भारतीय सैनिकांचं स्मरण होतं. त्या शहराच्या महापौरबाई मानपत्र घेऊन आल्या होत्या. नगरसेवक यज्ञेश यजमान होता.

भागीरथीबाईंनी पाय मागे घेतले.

"तू हरिचंद्र पाटलाचा नातू ना?"

"हो आजी. आपण एकाच गावचे," यज्ञेश माइकवर म्हणाला. टाळ्या पडल्या.

बाईंनी पिशवीतून वडिलांचे मिलिटरीचे बूट काढून टेबलावर ठेवले. पत्रिकेवर यज्ञेशचं नाव वाचलं, त्याच दिवशी त्यांनी ते माळ्यावरून उतरवले होते.

"हे घालून बाबा मला शाळेत घालायला निघाले होते. सात वर्षांची होते मी. तुझ्या आजोबाने चावडीसमोर अडवलं. म्हणाला, लढाई तिकडे, इथे आपल्या पायरीने राहायचं. बूट काढायला लावले. डोक्यावर ठेवून घरी पाठवलं. सगळं गाव बघत होतं. माझी शाळा राहिली ती राहिलीच."

माइक सुरूच होता.

"आजी, तेव्हा माझा जन्मही नव्हता," यज्ञेश हळूच म्हणाला. "पण मी माफी मागतो."

"माफी नको. उचल."

त्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत त्याच्या वॉर्डातली माणसं होती. बरेच जण मोबाइल वर धरून उभे राहिले होते. त्याने बूट उचलले.

"डोक्यावर."

वाळलेली माती त्याच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडली.

"आता चाल. दारापर्यंत."

तो चालू लागला. कोणी हसलं नाही, कोणी अडवलंही नाही.

शेजारी बसून महापौरबाईंना इंग्रजीत सगळं सांगणारी भागीरथीबाईंची नात करिष्मा मघाशीच गप्प झाली होती. काहीतरी पवित्र विधी चाललाय असं समजून महापौरबाई उभ्या राहिल्या, हात जोडले आणि तिला काहीतरी विचारलं.

"आजी, त्या विचारतायत हा कसला विधी. काय सांगू?"

भागीरथीबाईंची नजर यज्ञेशच्या पाठीवरून हलली नाही.

"सांग, तुमचं शहर सोडवून आलेल्या माणसाला आमच्या गावाने असा मान दिला होता."